म्हाताऱ्या कुत्र्याला सीबीडी तेल द्यावे का? मात्रा, यकृत आणि कायदा यांविषयी विचारणा

केतकी_ठाणे (धागाकर्ती)

नमस्कार. आमचा लॅब्रॅडोर बंड्या अकरा वर्षांचा आहे. त्याचे वजन ३२ किलो असून ते २८ च्या आसपास असायला हवे, असे डॉक्टर सांगतात. मागच्या दोन्ही पायांच्या खुब्यांची झीज एक्सरेत दिसली आहे आणि पावसाळ्यात त्याला बसल्या जागेवरून उठायला फार त्रास होतो. दुखणे वाढले की डॉक्टरांच्या सल्ल्याने कार्प्रोफेन हे वेदनाशामक देतो आणि त्याने निश्चित उतार पडतो. परंतु हे औषध दीर्घकाळ देत राहण्याची धास्ती वाटते, म्हणून दुसरा मार्ग शोधताना भांगेच्या झाडातल्या सीबीडी या द्रव्याच्या तेलाचा उल्लेख वारंवार वाचनात आला.

न्यू जर्सीतली माझी नणंद तिच्या कुत्र्याला हे तेल देते आणि दिवाळीत येताना एक बाटली आणण्याची तिची तयारी आहे. दरम्यान इथल्या एका दुकानदाराने ‘हेच ते’ असे सांगून कुत्र्याचे चित्र असलेली हेम्प ऑइलची ३० मिलीची बाटली दिली. तिच्यावर ‘३०० मिग्रॅ’ एवढेच ठळक छापलेले आहे आणि मोठ्या कुत्र्यासाठी दिवसातून दोनदा १० थेंब अशी मात्रा दिली आहे. बाटली अजून उघडलेली नाही. आमचे डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले की त्यांनी हे कधी वापरलेले नाही, तेव्हा मी माहिती जमवून त्यांच्यासमोर ठेवावी. ज्यांनी वापरले आहे, ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ‘आमच्याकडे चमत्कार झाला’ एवढ्यावर थांबू नये, ही विनंती.

रसायनी

केतकीताई, आधी बाटलीवरची बारीक अक्षरे वाचा. घटकांमध्ये ‘कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल’ असे लिहिलेले असेल, तर ते भांगेच्या बियांचे तेल आहे. बियांच्या तेलात ओमेगा-३ आणि ओमेगा-६ मेदाम्ले असतात, ते खाद्यतेल म्हणून चांगलेही आहे. परंतु त्यात सीबीडी जवळजवळ नसते, कारण सीबीडी आणि नशा आणणारे टीएचसी ही दोन्ही द्रव्ये मुख्यतः फुलोऱ्यावरच्या आणि काही प्रमाणात पानांवरच्या राळेच्या ग्रंथींमध्ये तयार होतात, बीमध्ये नाही. मग ‘३०० मिग्रॅ’ म्हणजे कशाचे, हा प्रश्न उरतो.

आपल्याकडे मिळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या बाटल्यांवर ‘विजया अर्क’ (विजया म्हणजे भांग) असे लिहिलेले असते. तिथेही सावध राहावे लागते. अर्काचे वजन आणि त्यातल्या सीबीडीचे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३०० मिग्रॅ अर्कात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे प्रयोगशाळेच्या अहवालाखेरीज कळत नाही. माणसांसाठीच्या काही अर्कांत दोन्ही द्रव्ये मुद्दाम समप्रमाणात ठेवलेली असतात. तसली बाटली कुत्र्याला दिली, तर सीबीडीच्या प्रत्येक मिलिग्रॅमबरोबर तितकेच टीएचसी त्याच्या पोटात जाते.

विक्रेत्याकडे त्या बॅचचा अहवाल मागा. अहवालावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे, तपासणारी प्रयोगशाळा उत्पादकाहून वेगळी असली पाहिजे, आणि सीबीडी व टीएचसी यांच्या प्रमाणाबरोबर जड धातू, कीटकनाशके आणि अर्क काढताना वापरलेल्या द्रावकांचे अवशेष तपासलेले असले पाहिजेत. भांगेचे झाड जमिनीतले जड धातू शोषून घेण्यात तरबेज आहे, त्यामुळे ही तपासणी केवळ कागदोपत्री समजू नये. लेबलवर विसंबू नका, हे मी उगाच म्हणत नाही. २०१७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात माणसांसाठी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली होती. त्यांपैकी जेमतेम ३१ टक्के उत्पादनांतले प्रमाण लेबलशी जुळले आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले.

केतकी_ठाणे

रसायनी, धन्यवाद. भिंग घेऊन वाचले. घटकांत फक्त ‘सीड ऑइल’ आणि ‘चिकन फ्लेवर’ आहे. बाटली उद्याच परत करते.

पशुवैद्य_सातारा

मी लहान प्राण्यांची प्रॅक्टिस करतो. ताईंनी बाटली उघडण्यापूर्वी विचारले हे फार बरे केले, कारण माझ्याकडे बहुतेक पालक दोन महिने तेल देऊन झाल्यावर, आणि तेही तिसऱ्याच कारणासाठी आले असताना, सहज बोलता बोलता ते सांगतात.

सांध्यांच्या दुखण्याबाबत पुरावा किती आहे, ते आधी पाहू. कॉर्नेल विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास सर्वांत जास्त उद्धृत केला जातो. त्यात १६ कुत्र्यांना दर किलो वजनामागे २ मिग्रॅ सीबीडी, दर बारा तासांनी, चार आठवडे दिले गेले आणि त्याच कुत्र्यांना आणखी चार आठवडे नुसते तेल दिले गेले. सीबीडीच्या काळात वेदना कमी आणि हालचाल जास्त आढळली. या अभ्यासाला उत्पादक कंपनीचे साहाय्य होते; त्यामुळे तो खोटा ठरत नाही, पण वाचताना ध्यानात ठेवावे. पुढे २०२१ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने २३ कुत्र्यांवर, जवळपास तितकीच मात्रा वापरून, अशाच धाटणीचा अभ्यास केला. त्यात सीबीडी आणि नुसते तेल यांत काहीही लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे एकाने हो म्हटले आणि दुसऱ्याने नाही. ‘सिद्ध झाले आहे’ असे सांगणारा विक्रेता यांतला पहिलाच अभ्यास दाखवतो.

आता यकृत. दोन्ही अभ्यासांत काही कुत्र्यांच्या रक्तातली यकृताशी संबंधित विकरे (एन्झाइम), विशेषतः अल्कलाईन फॉस्फेटेज, वाढलेली आढळली; कोलोरॅडोच्या अभ्यासात तर २३ पैकी १४ कुत्र्यांत यकृताची विकरे वाढली. दुसरीकडे, निरोगी लॅब्रॅडोरना सहा महिने रोज दर किलोमागे ४ मिग्रॅ देऊन पाहिलेला एक अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यातही हे विकर वाढले, पण कुत्रे आजारी पडले नाहीत. याचा अर्थ मी असा घेतो की निरोगी यकृताला हा भार बहुधा झेपतो, पण कोणाचे यकृत निरोगी आहे हे रक्त तपासल्याशिवाय मला कळत नाही.

बंड्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कार्प्रोफेनमुळे यकृताला इजा होणे दुर्मीळ आहे. तथापि १९९८ मध्ये अशा २१ कुत्र्यांची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतले १३ लॅब्रॅडोर होते. लॅब्रॅडोर मुळातच घरोघरी असतात, त्यामुळे या आकड्याचा अर्थ किती लावावा यावर मतभेद आहेत, पण तुमचा कुत्रा त्या जातीचा, त्या औषधावर आणि त्या वयाचा आहे. कार्प्रोफेन चालू असताना वरून सीबीडी सुरू केले आणि विकरे वाढली, तर दोष कोणाचा हे मला सांगता येणार नाही, आणि मग कदाचित गुणकारी असलेले औषधच बंद करावे लागेल.

टेकडीवाला

इतका ऊहापोह कशासाठी, हे कळत नाही. भांग ही आपल्याकडची हजारो वर्षांची वनस्पती आहे. आमच्या आजोळी बैलाला पोट धरले की भांगेचा पाला गुळातून देत असत आणि बैल दुसऱ्या दिवशी औताला उभा राहत असे. नैसर्गिक वस्तूला अमेरिकेचे दाखले लागतात आणि कारखान्यातली गोळी मात्र निमूट गिळवली जाते.

पशुवैद्य_सातारा

टेकडीवाला, जनावरांना भांग देत असत हे खरेच आहे. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालातही गुराढोरांच्या औषधात भांग वापरल्याचे उल्लेख आहेत. परंतु चारशे किलोचा रवंथ करणारा बैल एकदा मूठभर पाला खातो आणि बत्तीस किलोचा कुत्रा महिनोन्‌महिने दाट अर्क घेतो, या दोन गोष्टींची तुलना होऊ शकत नाही.

शिवाय टीएचसीच्या बाबतीत कुत्रा बैलाहून आणि माणसाहूनही वेगळा आहे. हे द्रव्य पेशींवरच्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टर) काम करते, ते कुत्र्याच्या लहान मेंदूत फार दाट असतात, आणि तोल सांभाळणे हे लहान मेंदूचे काम. होळी आणि महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक ठरावीक चित्र दिसते. कुत्रा उभ्या उभ्या झोकांड्या खातो, तोंडासमोर हात नेला की दचकून मान मागे घेतो, बुबुळे विस्फारलेली असतात, लघवी थेंबथेंब गळत असते, अंग गार पडलेले असते आणि नाडी मंद असते. घरचे म्हणतात विषबाधा झाली, कोणी म्हणते अर्धांगवायू. बऱ्याच वेळाने हळूच कळते की थंडाईचे भांडे खाली ठेवले होते. बहुतेक कुत्रे सलाईन, ऊब आणि देखरेखीवर एक ते तीन दिवसांत सावरतात. अशा वेळी घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नये, कारण गुंगीतल्या कुत्र्याची उलटी फुप्फुसात जाते आणि ते मूळ विषबाधेपेक्षा जिवावर बेतणारे ठरते. भांग पोटात गेली असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. आम्हाला निदान हवे असते, पंचनामा नव्हे.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत राहतो आणि आमच्या बीगलला हे तेल वर्षभर दिले आहे. फरक पडला का, याचे उत्तर मला स्वतःलाच ठामपणे देता येत नाही, कारण त्याच काळात त्याचे वजनही आम्ही उतरवले.

इकडची स्थिती समजून घ्या, म्हणजे ‘अमेरिकेत सर्रास मिळते’ या वाक्याचा अर्थ लागेल. २०१८ च्या शेतकी कायद्याने ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसी असलेली भांग अमली पदार्थांच्या यादीतून वगळली आणि त्यानंतर दुकाने या तेलाने भरली. परंतु प्राण्यांसाठी एकाही सीबीडी उत्पादनाला इथल्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळालेली नाही. उलट रोग बरे करण्याचे दावे करणाऱ्या कंपन्यांना इशारापत्रे गेलेली आहेत. माणसांच्या अपस्माराच्या काही प्रकारांसाठी मात्र शुद्ध सीबीडीच्या एका औषधाला २०१८ मध्ये मान्यता आहे. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी प्राण्यांसाठीचे सीबीडी हे पशुऔषध ठरवले गेले, म्हणजे परवान्याविना ते विकता येत नाही. कॅलिफोर्नियात तर पशुवैद्याने या विषयावर नुसते बोलावे की नाही, यासाठी २०१८ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. इकडचे पशुवैद्यही बिचकत बोलतात, ते यामुळेच.

केतकीताई, नणंदबाईंना बाटली आणू देऊ नका. कायद्याचे जाणकार अधिक लिहितील, परंतु ‘इथे दुकानात मिळते’ हे उत्तर मुंबईच्या विमानतळावर चालणार नाही.

वकिली_चष्मा

जर्सीकरांशी पूर्ण सहमत आहे. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणे यांना कवेत घेतले आहे. गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोरे आणि फळधारी शेंडे येतात. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. पानांचे नियमन राज्यांकडे आहे. म्हणूनच भारतात कायदेशीरपणे विकला जाणारा अर्क पानांपासून, आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनवलेला असतो, आणि भांग औषध नियमांच्या ‘ई-१’ या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत असल्याने वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना लेबलवर असावी लागते. बियांचे तेल वेगळे. त्याला २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली आहे.

अमेरिकेतले तेल बहुधा फुलोऱ्यापासून काढलेले असते. तिथल्या ०.३ टक्क्याच्या सवलतीला आपल्या कायद्यात आधार नाही. सामानात ती बाटली सापडली, तर कुत्र्याच्या एक्सरेची फाइल दाखवून सुटका होईल, अशा भ्रमात राहू नये. सिंगापूरमार्गे येणाऱ्यांनी तर हा विचारच मनात आणू नये.

रसायनी

त्या ०.३ टक्क्याबद्दल आणखी एक गणित मांडतो, कारण हा आकडा ऐकायला नगण्य वाटतो.

समजा, ३० मिलीच्या बाटलीत खरोखरच ३०० मिग्रॅ सीबीडी आहे. म्हणजे एका मिलीत १० मिग्रॅ. अभ्यासांतली मात्रा दर किलोमागे २ मिग्रॅ, म्हणजे ३२ किलोच्या बंड्याला एका वेळेस ६४ मिग्रॅ, म्हणजेच ६.४ मिली तेल, आणि दिवसातून दोनदा मिळून जवळपास १३ मिली. बाटली तिसऱ्या दिवशी संपते. उलट लेबलवरचे १० थेंब म्हणजे साधारण अर्धा मिली, त्यात ५ मिग्रॅ सीबीडी. हे अभ्यासातल्या मात्रेच्या बाराव्या हिश्शापेक्षाही कमी आहे. त्यामुळे ‘आम्ही रोज दहा थेंब देतो, काही दुष्परिणाम नाही’ असे कोणी लिहिले तर आश्चर्य नाही. परिणाम होण्याइतकेही त्यात काही नसते.

आता हेच तेल ०.३ टक्के टीएचसीच्या मर्यादेला टेकलेले आहे असे धरा. एक ग्रॅम तेलात ३ मिग्रॅ टीएचसी. ६.४ मिली म्हणजे सुमारे ६ ग्रॅम तेल, त्यात १८ मिग्रॅ टीएचसी, म्हणजे दर किलोमागे अर्ध्या मिग्रॅहून जास्त, तेही दिवसातून दोनदा. मागच्या पायांनी आधीच डळमळणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला झोकांड्या आणायला तेवढे पुरू शकते. म्हणून पातळ तेल मोठ्या प्रमाणात देण्याऐवजी दाट आणि टीएचसी जवळजवळ शून्य असलेले तेल पाहावे लागते. टक्केवारी दिली असेल तर ती मिलिग्रॅममध्ये आणावी: ५ टक्के म्हणजे एका मिलीत सुमारे ५० मिग्रॅ.

आणि हो, १३ मिली तेल म्हणजे शंभराहून थोड्या जास्त कॅलरी. ज्या कुत्र्याचे वजन चार किलोंनी कमी करायचे आहे, त्याला सांध्यांच्या औषधाच्या नावाखाली रोज इतके तेल पाजणे विसंगत नाही का?

पशुवैद्य_सातारा

रसायनींचा शेवटचा मुद्दा सोन्याच्या मोलाचा आहे. ज्यांच्या कुत्र्याला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला असेल, त्यांनी तर इतक्या तेलाचा विचार करण्यापूर्वीच थांबावे. निरोगी कुत्र्यालाही नारळापासून काढलेल्या एमसीटी तेलाने जुलाब होतात आणि दोष सीबीडीला दिला जातो. मूळ तेलाखेरीज चवीसाठी काय घातले आहे, तेही पाहावे. माणसांच्या गोड थेंबांमध्ये झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरले जाणारे द्रव्य असू शकते. ते कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरवते आणि यकृतही निकामी करू शकते. तेव्हा माणसांसाठीचे गमी किंवा चॉकलेट कुत्र्याला कधीही देऊ नये.

फोंड्याची_मनी

मांजरांविषयी कोणी लिहील का? आमच्या चौदा वर्षांच्या मांजरीला उडी मारता येत नाही आणि शेजाऱ्यांनी त्यांच्या कुत्र्याचे तेल थोडेसे द्यायला सुचवले आहे.

पशुवैद्य_सातारा

शेजाऱ्यांचे तेल देऊ नका. मांजरांवरचा अभ्यास अगदी थोडा आहे. २०१९ मध्ये आठ कुत्रे आणि आठ मांजरे यांना सारखीच मात्रा बारा आठवडे दिली, तेव्हा मांजरांच्या रक्तात सीबीडीची पातळी कुत्र्यांपेक्षा बरीच कमी आढळली. तेल देताना त्यांनी डोके झटकणे, सारखे ओठ चाटणे असे प्रकार केले आणि एका मांजरीचे यकृताचे एक विकर वाढलेलेच राहिले. म्हणजे कुत्र्याची मात्रा वजनाने भागून मांजरीला द्यायची, हा हिशेब लागू पडत नाही. मांजरीचे यकृत कित्येक द्रव्ये कुत्र्याप्रमाणे हाताळू शकत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी तिचा जीव घेऊ शकते, ती याच कारणाने. कुत्र्यांच्या तेलात पुदिना किंवा टी-ट्रीसारखी सुगंधी तेले मिसळलेली असतील तर तीही मांजरीला घातक ठरतात.

चौदा वर्षांच्या मांजरीच्या मूत्रपिंडांची तपासणी आधी करा. उडी न मारण्यामागे सांधे असतील, तसेच रक्तदाब, थायरॉइड किंवा नजरही असू शकते. तोवर तिच्या आवडत्या खिडकीखाली एक पाट किंवा ठोकळा ठेवून द्या, आणि मातीच्या पेटीची पुढची कड कापून बुटकी करा.

वाडेकरीण

आमच्या देशी कुत्रीला आकडी येते आणि ती फिनोबार्बिटोन या झटकेविरोधी औषधावर आहे. अपस्मारासाठी सीबीडीचा पुरावा अधिक भक्कम आहे, असे वाचले होते. त्याबद्दल सांगावे.

पशुवैद्य_सातारा

अधिक आशादायक आहे, भक्कम म्हणणार नाही. २०१९ चा कोलोरॅडो स्टेटचा अभ्यास आहे. त्यात नेहमीची औषधे चालू ठेवून वरून दर किलोमागे २.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, बारा आठवडे दिले. सीबीडीच्या गटात झटक्यांचे प्रमाण मध्यमानाने ३३ टक्क्यांनी घटले. पण ज्यांचे झटके निम्म्यावर आले अशा कुत्र्यांची संख्या दोन्ही गटांत फारशी वेगळी नव्हती. त्याहून जास्त मात्रेवर पुढे अभ्यास झाले आहेत, पण ‘तेल सुरू करा आणि गोळी सोडा’ असे त्यांतला एकही म्हणत नाही.

फिनोबार्बिटोन एकाएकी थांबवल्यास झटक्यामागून झटके येऊन कुत्री दगावू शकते. दुसरे असे की फिनोबार्बिटोन स्वतःच अल्कलाईन फॉस्फेटेज वाढवते आणि सीबीडीही वाढवते, म्हणून सीबीडी सुरू करण्यापूर्वीचा अहवाल हाती नसेल, तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. माणसांमध्ये सीबीडी यकृतातल्या औषधे पचवणाऱ्या यंत्रणेत अडथळा आणते आणि काही झटकेविरोधी औषधांची पातळी त्यामुळे वाढते. कुत्र्यांतही तो संभव गृहीत धरून फिनोबार्बिटोनची रक्तातली पातळी मोजून घ्यावी. ही सोय परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या संस्थांकडे किंवा त्यांच्यामार्फत होऊ शकते; आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जा.

टेकडीवाला

बैलाचा मुद्दा मी मागे घेत नाही, परंतु फटाक्यांच्या भीतीसाठी तरी हे तेल उपयोगी असेल ना? आमचा कुत्रा लक्ष्मीपूजनाच्या रात्री मोरीत लपून थरथरतो.

पशुवैद्य_सातारा

त्यासाठी तर मी सर्वांत शेवटी याचा विचार करीन. केंटकी विद्यापीठाने फटाक्यांच्या ध्वनिमुद्रणावर कुत्र्यांची भीती मोजली, तेव्हा त्या मात्रेत सीबीडीचा ठळक उपयोग दिसला नाही. कारचा प्रवास किंवा एकटे राहणे यांसाठी एकाच वेळी दर किलोमागे ४ मिग्रॅ दिल्यावर ताणाची काही लक्षणे कमी झाल्याचे २०२३ मधल्या एका अभ्यासात आढळले आहे; ते वेगळे. फटाक्यांसाठी आमच्याकडे गॅबापेंटिन आणि ट्रॅझोडोन आहेत. मात्र ती दिवाळीच्या आधी एका शांत दिवशी देऊन पाहावी लागतात, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सात वाजता फोन करू नये. तो मोरीत जात असेल, तर जाऊ द्या. तिथे त्याचे अंथरूण टाका आणि घरातला पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा.

केतकी_ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या डॉक्टरांशी बोलणे झाले. बाटली परत केली आहे आणि नणंदेलाही कळवले आहे. डॉक्टरांचे म्हणणे असे की पुढचे तीन महिने वजन उतरवणे, घरातल्या गुळगुळीत फरशीवर चटया घालणे, रोज थोडे थोडे चालवणे आणि दुखणे वाढेल तेव्हा कार्प्रोफेन, एवढेच करावे. त्याआधी रक्त तपासावे. तीन महिन्यांनंतरही दुखणे तसेच राहिले आणि यकृताचे अहवाल चांगले असले, तरच परवानाधारक आणि अहवालासह येणारे तेल त्यांच्या चिठ्ठीवर, लहान मात्रेपासून सुरू करून पाहू.

दोन शंका उरल्या आहेत. तेल मोजायचे कशाने? आणि गुण आला की नाही, हे ओळखायचे कसे? जर्सीकरांसारखी आमची अवस्था होऊ नये, एवढीच इच्छा.

रसायनी

ड्रॉपरच्या थेंबावर भरवसा ठेवू नका, कारण थेंबाचा आकार तेलाच्या दाटपणावर आणि ड्रॉपरच्या तोंडावर ठरतो. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १ मिलीची साधी सिरिंज आणा. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका. तिच्यावर युनिटच्या खुणा असतात आणि ४० युनिटची व १०० युनिटची अशा दोन जाती आपल्याकडे मिळतात, त्यामुळे मात्रा अडीचपट चुकू शकते.

जर्सीकर

आमच्याकडे झाले ते टाळायचे असेल, तर एका वेळी एकच बदल करा. वजन उतरवणे आणि तेल एकत्र सुरू करू नका. तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेला क्रम त्या दृष्टीने योग्य आहे.

पशुवैद्य_सातारा

आजपासूनच आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, त्याच जागी, तो झोपेतून उठून चालू लागतो आणि जिन्याच्या पायऱ्या चढतो याचे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवा. सांध्यांच्या अभ्यासांत नुसते तेल मिळालेल्या कुत्र्यांचे पालकही कुत्रा सुधारल्याचे सांगतात, म्हणून आठवणीपेक्षा चित्रफितीवर विसंबावे. तेल सुरू केलेच, तर जेवणाबरोबर आणि रोज एकाच पद्धतीने द्या. कुत्र्याच्या शरीरात सीबीडी निम्म्यावर यायला साधारण चार तास लागतात, म्हणून दिवसातून एकदा देण्यात अर्थ नाही. चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा आणि त्याच वेळी चित्रफिती तुमच्या डॉक्टरांना दाखवा. फरक दिसला नाही तर बंद करा, मात्रा मनाने वाढवत नेऊ नका. मध्येच उलट्या, भूक मंदावणे, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळेपणा किंवा तोल जाणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढची वेळ टाळून लगेच दवाखाना गाठा. उद्या कोणत्याही शस्त्रक्रियेची वेळ आली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही तेलाबद्दल आधी सांगा.

रक्त तपासायला सकाळी उपाशीपोटी आणा. पाणी द्यायला हरकत नाही. आदल्या रात्रीची भाकरी दहाच्या आत आटोपून घ्या.

केतकी_ठाणे

शनिवारी सकाळची वेळ घेतली आहे. अहवाल आले की इथेच टाकते.